एकसष्ट खुणा

३ मार्च, सोमवार

सकाळी १४८ / ९४. डॉक्टर म्हणाले, गोळी देतोच आहे, पण दिवसभरात कशानं डोकं तापतं ते लिहून ठेवत जा. मी म्हटलं, एक वही पुरायची नाही. ते हसले नाहीत. म्हणून ही दैनंदिनी. रोज लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आज कशानं तापलं? लिफ्टनं. पॉलिशकाकांच्या चहानं, म्हणजे चहा पिण्याच्या वेगानं. हा माणूस एक कप बावीस मिनिटं पितो, मी घड्याळ लावून बघितलंय. आणि वहिनींमुळे. त्यांचं नाव या यादीत घालताना बरं वाटत नाही, पण डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलंय.

आमच्याकडे कानाचे साचे बनतात. ऐकायचं यंत्र लावणाऱ्याच्या कानात नेमका बसेल असा मऊ तुकडा लागतो, तो साचा. दवाखान्यातून कानाचं माप घेतलेली फाइल येते, माझं मशीन त्यावरून साचा छापतं, पॉलिशकाका तो घासून गुळगुळीत करतात आणि पार्सल जातं. मशीन आणि सगळे कॉम्प्युटर माझ्याकडे. आलेल्या फायली मशीनकडे सोडायचं काम वहिनींकडे. दादा गेल्यावर मीच मालकीणबाईंकडे शब्द टाकून त्यांना इथं लावलं, त्याला चार वर्षं झाली. त्या आणि पुतणी आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात.

फाइल बाहेरून आली की कॉम्प्युटर तिच्यावर एक खूण लावतो: परक्या ठिकाणाहून आलीय, जपून. खूण असलेली फाइल मशीन घेत नाही. मग फायलीवर उजवं बटण दाबा, माहितीची चौकट उघडा, अगदी तळाशी एक बारका चौकोन असतो त्यात टिचकी मारा, ओके म्हणा. मला चार सेकंद लागतात. वहिनींना कधी कधी चार मिनिटं. आधी फाइल उघडतात, तो कान पडद्यावर इकडून फिरवतात, तिकडून फिरवतात, मान वाकडी करून बघतात, मग कुठेतरी फोन लावतात आणि मग ती टिचकी. तोवर मी मशीनपाशी हात बांधून उभा. चार वर्षं झाली तरी कॉम्प्युटरची धास्ती काही जात नाही बाई यांची.

५ मार्च, बुधवार

मोजलं. आज बावन्न फायली, एकेकीला चार टिचक्या. वहिनींनी मनगटाला पट्टी बांधलीय. विचारलं तर म्हणे, काही नाही हो, जुनंच आहे.

मी म्हटलं, "वहिनी, हे माकडकाम तुमच्याकडून काढूनच घेतो."

"असू द्या भाऊजी, हाताला सवय झालीय."

"सवय कसली, दुखतोय ना हात?"

"दुखतो. पण काम कळतं," त्या म्हणाल्या. याचा अर्थ मला लागला नाही. दमल्या असतील.

अडचण एकच. तीन वर्षांपूर्वी एका फायलीतून कसली तरी कीड आली आणि नऊ दिवस सगळं ठप्प झालं. तेव्हापासून मालकीणबाईंचा दंडक आहे की खुणेला वहिनींशिवाय कोणी हात लावायचा नाही. तेव्हा ठीक होतं. आता किडीसाठी मी वेगळा पहारा बसवलाय, तो प्रत्येक फाइल आत येतानाच हुंगतो. मग ही खूण कुणासाठी? बाईंना विचारायला जावं तर त्या "बघू" म्हणतील, आणि त्यांच्या "बघू"ला वर्ष लागतं.

८ मार्च, शनिवार

१३८ / ८८. बघा डॉक्टर.

अकरा ओळी लिहिल्या. फक्त अकरा. वहिनी चहाला गेल्या तेवढ्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवल्या. आता "आलेल्या" या कप्प्यात फाइल पडली रे पडली की खूण गायब. चौकट नाही, चौकोन नाही, टिचकी नाही. वहिनींनी फक्त ढीग उचलायचा आणि "मशीनकडे" या कप्प्यात टाकायचा. मी स्वतःच स्वतःवर इतका खूश झालो की पॉलिशकाकांच्या शेजारी बसून पूर्ण चहा प्यायलो.

वहिनी आल्यावर दाखवलं. एक फाइल आली, खूण दिसली, डोळा मिटायच्या आत गेली.

वहिनी बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग मला कसं कळणार?"

"काय कळायचंय त्यात?"

"कुठली बघितली, कुठली राहिली ते."

मी हसलो. म्हटलं, बघायचं काय त्यात वहिनी, बघायला मशीन आहे. त्यांनी मनगटावरची पट्टी सोडली, परत बांधली. "बरं केलंत भाऊजी, माझ्यासाठी एवढं केलंत," म्हणाल्या. मला भरून आलं. दादा असता तर त्यानं पाठीत एक धपाटा घातला असता.

११ मार्च, मंगळवार

मस्त चाललंय. सकाळी दहालाच सगळ्या खुणा गेलेल्या.

वहिनींना आता वेळ मिळत असणार, कारण एक वही घेऊन काहीतरी लिहीत बसलेल्या असतात. घरच्या सामानाची यादी असेल. जेवायला मात्र आमच्यात येत नाहीत, जागेवरच डबा उघडतात. मी म्हटलं, "काय वहिनी, मोठ्या साहेब झालात, आमच्यात जेवत नाही." त्या हसल्या आणि डबा वहीवर ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार

आज मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या वहिनींचा हात काय बसलाय हो. मी माझ्या कॉम्प्युटरवर बघते तर दहालाच एकही खूण शिल्लक नसते. आणखी दोन दवाखाने घेतेय, त्या करतील." मी नुसती मान हलवली. सांगणार होतो, पण विषय लगेच नव्या मशीनकडे वळला. ते एक तारखेपासून माझ्या ताब्यात द्यायचं त्यांच्या मनात आहे. असला विषय चालू असताना मध्येच आपला गुन्हा कोण सांगतं? गुन्हा नव्हे, सुधारणा.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही ग्रंथालयात काम करते, तिला कुठल्याही गोष्टीची नोंद लागते. म्हणाली, "वहिनींना विचारलं होतंस का?"

"विचारायचं काय? हात दुखत होता त्यांचा."

"अरे, हात दुखत होता म्हणून विचारलं नाहीस?"

हिच्याशी वाद घालून रक्तदाब वाढवायचा नाही असं ठरवलं. तरी रात्रीपर्यंत पाय हलवत बसलो होतो. ही म्हणाली, खुर्ची मोडेल.

१९ मार्च, बुधवार

उद्या वहिनींना रजा हवीय. पुतणीच्या डोळ्यांची तपासणी आहे, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालणार, तर सोबत कुणीतरी हवंच. मालकीणबाई दवाखान्यांच्या फेरीवर बाहेर, शनिवारी येतील. रजेची चिठ्ठी वहिनींनी माझ्याकडेच दिली.

वहिनींचा पाय निघेना. "फायलींचं काय करायचं?"

"काय करायचंय? आता तुम्ही नसलात तरी चालतं," मी म्हटलं. त्यांना निवांत वाटावं म्हणून म्हटलं.

"तरी बघाल ना?"

"बघतो हो."

"सगळे?"

"सगळे बघतो. तुम्ही जा."

बायकांना एक गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय चैन पडत नाही. (ही वही हिच्या हाती लागता कामा नये.)

२० मार्च, गुरुवार

१३६ / ८६. एकसष्ट फायली. दोन नवे दवाखाने धरून. वहिनींच्या खुर्चीवर बसावंसुद्धा लागलं नाही; सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, उभ्या उभ्या ढीग उचलला आणि मशीनकडे टाकला. बाकी वेळ मशीनची तोटी साफ केली. असा दिवस चार वर्षांत गेला नव्हता.

घरी आल्यावर वहिनींनी जिन्यातच विचारलं, "झाले का सगळे?" म्हटलं, "साडेचारला मोकळा." त्यांच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं.

२७ मार्च, गुरुवार

१६२ / १०४. परत मोजला, १६४.

दुपारी एक बाई आल्या. गणिताच्या शिक्षिका, सेवानिवृत्त. यंत्र काढून हातात धरलेलं, त्यामुळे मोठ्यानं बोलत होत्या. उजव्या कानाला कापूस. चार दिवस साचा टोचत होता. नवीन वस्तू आधी टोचतेच असं वाटून त्यांनी सहन केलं. कालपासून कानातून रक्त यायला लागलं. रागावलेल्या नव्हत्या. "माझेच कान दुखरे असतील," असं म्हणत होत्या, ते ऐकवत नव्हतं.

मालकीणबाईंनी साचा उजेडात धरला. नळीचं भोक उलट्या बाजूला, आणि बाजूला निळा ठिपका. निळा डाव्याचा, लाल उजव्याचा. उजव्या कानाला डाव्याचं भोक.

वहिनींना बोलावलं. मालकीणबाईंनी फाइल काढली. "वीस तारखेची आहे. खूण काढलेली आहे. म्हणजे तुम्ही बघून सोडलीत. आपलं ठरलेलंच आहे ना, खूण काढली की ती फाइल तुम्ही बघितलेली."

वहिनींनी तारखेकडे बघितलं. मग माझ्याकडे, एकदाच. "हो," त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनच सुटलं असेल."

मला वाटलं, त्या दिवशी आपण रजेवर होतो हे विसरल्या की काय या. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी पाणी आणतो बाईंना." पाणी आणलं. परत आलो तोवर वहिनी खाली मान घालून त्या शिक्षिकेला काहीतरी सांगत होत्या आणि विषय संपला होता.

असं काही ठरलंय हे मला कुणी सांगितलं होतं? खूण म्हणजे वहिनींची सही, हे मला कसं कळणार? मशीनकडे बसणाऱ्या माणसाला कोण सांगतं?

२८ मार्च, शुक्रवार

घोळ कुठे झाला ते शोधलं. फायलीच्या नावात डाव्या कानासाठी "डा" आणि उजव्यासाठी "उ" लिहायचं, आणि नावात जे आधी सापडेल ते मशीन धरतं, अशी रीत आहे. नव्या दवाखान्यांपैकी एकात, डॉक्टरांनी स्वतः तपासलेल्या कानापुढे "डॉ" लिहितात. तिथल्या टंकलेखक बाईंना तो वरचा अर्धचंद्र काही सापडत नाही, म्हणून त्या "डा" लिहितात. फाइल होती "डा उ". डॉक्टरांनी बघितलेला उजवा. मशीननं वाचलं "डा" आणि केला डावा.

म्हणजे चूक त्या टंकलेखक बाईंची. माझी नाही, वहिनींची नाही. हे तासभर स्वतःला सांगितलं. पॉलिशकाकांनाही सांगितलं. ते कपात बघत म्हणाले, "पण वहिनींनी हे मागच्या आठवड्यातच पकडलेलं. फोन करून विचारलंन् त्यांना. त्यांच्या फायलींची नावं बदलूनच सोडायची ती." मग एक घोट घेतला. "तो दिवस कसा काय सुटला कळत नाही."

त्या दवाखान्याला कुणाचं तरी नाव हवंय. तिथले डॉक्टर म्हणतात, जबाबदार कोण ते लेखी द्या, नाहीतर पुढचं काम बंद. वहिनी आपणहून बाईंना म्हणाल्या, "मी काम सोडते. उद्या शेवटचा दिवस." बाईंनी "बघू" म्हटलं नाही. बरं म्हटलं.

१५८ / १००. रजेची चिठ्ठी माझ्या खणातच आहे. बाईंना द्यायची राहून गेली.

२९ मार्च, शनिवार

वहिनींनी टेबल आवरलं. पट्टी, कंगवा, पुतणीचा फोटो. मी तीन वेळा बाईंच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा नव्या मशीनचा कागद छापत होत्या, माझ्या नावाचा. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, तरी परतलो.

घरी वहिनी नेहमीसारख्याच. वरून वाटीतून लोणी पाठवलं. त्यानंच जास्त त्रास झाला. त्या रागावल्या असत्या, पुतणीला खाली यायला बंदी केली असती, तर मलाही दोन शब्द बोलता आले असते. ही म्हणाली, "तू तीन दिवस घरात येरझाऱ्या घालतोयस. वहिनींची नोकरी गेली, आणि झोप तुझी गेलीय. काय भानगड आहे?"

मी म्हटलं, काही नाही. तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी बाथरूममध्ये जाऊन बसलो.

३१ मार्च, सोमवार

वहिनींच्या जागी आजपुरता मी. पहिल्यांदाच त्या खुर्चीवर नीट बसलो. खुर्ची खाली घेतलेली होती, माझे गुडघे टेबलाला लागत होते.

दहा वाजता तेवीस फायली. सगळ्या बिनखुणेच्या. त्यातली एक मी उघडून बघितली, मग फोन आला, मग परत आलो तर कुठली बघितली होती ते आठवेना. सगळ्या सारख्याच. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग एका दवाखान्यानं त्याच नावाची दुरुस्त फाइल पाठवली. आता जुनी कुठली, नवी कुठली? दुपारपर्यंत दोनदा चुकलो आणि एकदा टेबलावर हात आपटला. मग कळलं की मी हातात पेन शोधतोय. लिहून ठेवायला. त्यासाठी खण उघडला.

तिची वही खणातच राहिली होती. म्हणजे वहिनींची. (चुकून एकेरी लिहिलं, राहू दे.)

सामानाची यादी नव्हती. १० मार्चपासून रोजची तारीख, आणि खाली प्रत्येक फायलीचं नाव. एकेका ओळीत एकेक कान. "उ, बरोबर." "डा, बरोबर." "नावात घोळ, फोन केला, बदललं." "फार लहान, मूल असावं, काकांना कडा मऊ करायला सांगितलं." "हा कान मागच्या वर्षीही आला होता, तेव्हा डावा होता, आता उजवा." रोज पन्नास, साठ ओळी, दुखऱ्या हातानं लिहिलेल्या. पूर्वी ती एक टिचकी म्हणजे "बघितलं" होतं. मी टिचकी काढून घेतली म्हणून तिला अख्खं नाव लिहावं लागत होतं. जेवायला उठायलाही वेळ नव्हता तो यासाठी.

"मग मला कसं कळणार?" असं तिनं विचारलं होतं. मी हसलो होतो. तेही याच वहीत, म्हणजे माझ्या वहीत, लिहिलेलं आहे. मी मागे जाऊन वाचलं.

२० मार्चच्या पानावर नावं नाहीत. एकच ओळ आहे.

"मी रजेवर. भाऊजींनी बघितलं."

१ एप्रिल, मंगळवार

रक्तदाब मोजला नाही.

बाई येताच चिठ्ठी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. तारीख बघून त्यांना आधी थट्टा वाटली, मग वाटेना. "तीन वर्षांपूर्वी मी काय सांगितलं होतं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "खुणेला हात लावायचा नाही." "मग?" मग काय. त्यांनी नव्या मशीनचा कागद उचलला आणि खणात ठेवला. दवाखान्याला तुमचं नाव कळवते म्हणाल्या. "वहिनी परत येतील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. "विचारलंत का त्यांना?" ही बाई आणि माझी बायको एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

सहा वाजता वर गेलो. वहिनी वाळलेले कपडे घड्या घालत होत्या. पुतणी अभ्यास करत होती, तिला आतल्या खोलीत पाठवलं.

"बाईंना सगळं सांगितलं," मी म्हटलं. "त्या अकरा ओळींचं. तुम्ही रजेवर होतात ते."

वहिनींना आनंद झाला नाही. "कशाला हो? नवीन मशीन मिळणार होतं तुम्हाला." एक पंचा घडी करून बाजूला ठेवला. "चूक कुणाचीही होते भाऊजी. एकसष्ट बघायचे म्हणजे खेळ नाही. तुम्हाला सवय नाही, एखादा नजरेतून सुटला. माझ्याही नजरेतून सुटलेत की. मला एवढंच वाटलं, माझ्यामुळे रजेच्या दिवशी तुमच्यावर काम पडलं. म्हणून बोलले नाही."

मला वाटलं होतं, अवघड ते सकाळीच झालं. नव्हतं झालं.

"वहिनी, मी बघितलंच नाही."

"तो एक ना?"

"एकही नाही. उभ्या उभ्या ढीग उचलून टाकला."

त्यांच्या हातातला पुतणीचा फ्रॉक तसाच राहिला. मी खाली बघत होतो. शिव्या घातल्या तर बरं, असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही बघतो म्हणालात."

"हो."

त्यांनी फ्रॉकची घडी घातली, ती बिघडली, परत घातली. मग एकदम वर बघितलं. "मग बाकीचे साठ?"

पाच दिवस मी एका कानाचा विचार करतोय. वहिनींच्या खुर्चीचा, माझ्या मशीनचा, माझ्या रक्तदाबाचा. बाकीचे साठ कुणीही बघितलेले नाहीत आणि ते कुणाच्या ना कुणाच्या कानात जाऊन बसलेत, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. इतकी की पायऱ्या उतरून पळून जावंसं वाटलं.

वहिनी म्हणाल्या, "ती खूण परत लावता येते का हो?"

"येते."

"मग लावा. सगळ्यांना लावा. मी सकाळी येते." आणि मी काही बोलायच्या आत, "नोकरीवर नाही. साठ बघायला."

२ एप्रिल, बुधवार

आधी त्या अकरा ओळी पुसल्या. मग वीस तारखेच्या फायलींना खुणा परत लावायला सात ओळी लिहिल्या. एकसष्टच्या एकसष्ट पुन्हा परक्या झाल्या.

वहिनी साडेनऊला आल्या. मी त्यांची खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "तिथं तुम्ही बसा," आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. वही उघडली. २० मार्चच्या त्या ओळीखाली अर्धं पान कोरं होतं, तिथंच पहिली फाइल लिहिली.

"कुठला कान?"

"डावा."

"कशावरून?"

"नावात लिहिलंय."

"नाव नका वाचू. कान बघा."

मग त्यांनी शिकवलं. पाळी कुठल्या अंगाला, आतली वाट कुठे वळते, वरची कड कुणीकडे झुकते. कान फिरवताना माझी मानही वाकडी झाली. पॉलिशकाका दारात कप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कळलं का रे, चहाला वेळ का लागतो?" याचा चहाशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण मी पुढची फाइल उघडली.

पहिल्या दहा फायलींना दीड तास लागला. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा वहिनींनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी बसलो. सतराव्या फायलीवर मी थांबलो. इकडून फिरवली, तिकडून फिरवली. म्हटलं, "वहिनी, हा उजवा आहे."

"नावात?"

"डा उ. त्याच दवाखान्याचा."

वहिनींनी स्टूल पुढे ओढलं, बघितलं, आणि फोन माझ्या हातात दिला. मी लावला. टंकलेखक बाई म्हणाल्या, तो साचा उद्या सकाळी लावायचाय, पेशंटला बोलावलंय. मी म्हटलं, लावू नका. कुणाचा आहे, विचारलं. एका बसचालकाचा. मी पुन्हा म्हटलं, लावू नका हं, आम्ही नवीन पाठवतो, चूक माझी आहे. वहिनींनी पाण्याचा ग्लास सरकवला.

दुपारी मालकीणबाई येऊन मागे उभ्या राहिल्या. "वहिनी, सोमवारपासून?" असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आधी हे संपू द्या." जेवायला आम्ही चौघं एकत्र बसलो. पट्टी आज माझ्या मनगटाला हवी होती, असं मी म्हटलं, त्यावर वहिनी हसल्या नाहीत. अजून नाही. ठीक आहे.

साडेपाचपर्यंत एकोणचाळीस झाल्या. बावीस उद्या. वहिनींनी जाताना वही नेली नाही, खणात ठेवली.

शेवटची फाइल एका लहान कानाची होती. डावा. नावातही डावा. मी पटकन चौकोनाकडे गेलो, चार सेकंदांचं काम.

"बघितलं?" वहिनींनी विचारलं.

मी चौकट मिटली. फाइल उघडली. कान फिरवला, पूर्ण, सगळ्या बाजूंनी. कड अगदी बारीक होती. साचा परत मागवून काकांकडून मऊ करून घ्यायला हवा. ते वहीत लिहायला सांगितलं, त्यांनी लिहिलं.

"बघितलं," मी म्हटलं.

"मग काढा खूण."